बदलत्या पावसात माळरानाचा दहा वर्षांचा आराखडा कसा करावा? (आटपाडी, जि. सांगली)

माणगंगाकाठ:

सर्वांना नमस्कार. आटपाडी तालुक्यातील आमच्या गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीचा मी सदस्य आहे. जैवविविधता कायदा २००२ चा असला तरी समिती बरीच वर्षे कागदावरच होती आणि लोक जैवविविधता नोंदवही (गावातील प्राणी-वनस्पतींची नोंद) २०२० च्या मुदतीच्या धास्तीने बाहेरच्या एका संस्थेकडून घाईघाईने भरून घेतली गेली. त्या नोंदवहीत आमच्या गायरानावर शेकरू (दाट जंगलातील मोठी खार) आढळत असल्याचे लिहिले आहे. आटपाडीचा माळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना याहून अधिक सांगायला नको. आता ग्रामपंचायतीने विषय मनावर घेतला असून गायरान, ओढा आणि पाझर तलाव यांचा पुढील दहा वर्षांचा आराखडा ग्रामसभेपुढे ठेवायचे ठरले आहे. मसुदा लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

गायरान मुरमाड असून माती जेमतेम वीतभर आहे. कुसळी गवत सर्वत्र आहे, पवन्या आणि मारवेल ही चांगली गवते जिथे चराई कमी होते तेवढ्याच तुकड्यांत टिकले आहेत. ओढ्याच्या काठाने बाभूळ, लिंब आणि हिवर यांची जुनी झाडे आहेत, तर तलावाच्या खालच्या अंगाला वेडी बाभूळ (बाहेरून आलेले, झपाट्याने पसरणारे काटेरी झाड) माजली आहे. लांडगा, खोकड आणि ससा नेहमी दिसतात, तरस क्वचित दिसते. धाविक, माळटिटवी आणि चंडोल उघड्या जमिनीवरच अंडी घालतात आणि हिवाळ्यात भोवत्या (गवतात रात्र काढणारे शिकारी पक्षी) येतात. तालुक्यातील सुमारे साडेनऊ चौरस किलोमीटर वनक्षेत्राला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळालेला आहे, परंतु लांडग्यांना ती हद्द ठाऊक नसल्यामुळे त्यांचा वावर आमच्या आणि शेजारच्या गावांच्या शिवारात तितकाच असतो.

माझ्यापुढे मुख्य अडचण अशी आहे की आराखडा कोणता पाऊस गृहीत धरून करावा, हेच कळत नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात आमच्याकडे टँकर आणि चारा छावण्या चालू होत्या आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी सत्तावन्न फुटांवर गेले होते. एकाच जिल्ह्यात, काही महिन्यांच्या अंतराने, दोन्ही टोके पाहिल्यावर 'सरासरी पर्जन्यमान' या रकान्यात काय लिहावे? दुसरी गोष्ट निधीची. वृक्षलागवडीसाठी पैसा मिळतो, गवतासाठी मिळत नाही. त्यामुळे संपूर्ण गायरानावर चर खोदून झाडे लावावीत असे अनेकांचे मत आहे. तिसरी गोष्ट म्हणजे आमचा अधिकार गावाच्या शिवेपर्यंतच आहे, मग शिवेपलीकडून येणाऱ्या-जाणाऱ्या प्राण्यांसाठी आम्ही नेमके काय ठरवू शकतो?

हवामानबदल गृहीत धरून वन्यजीव आणि परिसर यांच्या संवर्धनाचे नियोजन करण्याचा अनुभव ज्यांना आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.


निवृत्त वनक्षेत्रपाल, कराड:

माणगंगाकाठ यांस नमस्कार. वनखात्याच्या कार्य आयोजना असोत किंवा अभयारण्यांचे व्यवस्थापन आराखडे, त्यांत एक गृहीतक न लिहिताच ठाण मांडून बसलेले असते, ते म्हणजे जागा आज जशी आहे तशीच पुढील दहा वर्षे राहील आणि आपल्याला फक्त माणसांचा उपद्रव आवरायचा आहे. देशाच्या २०१७ ते २०३१ या काळासाठीच्या राष्ट्रीय वन्यजीव कृती आराखड्यात हवामानबदलाचा विचार प्रत्येक नियोजनात व्हावा असे स्पष्ट म्हटले आहे. गावपातळीवर तो विचार करायला निघालेली आपली समिती म्हणून विशेष वाटते.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की एक पाऊस गृहीत धरूच नये. हवामानाचा अंदाज करणारी संगणकीय प्रारूपे पृथ्वीचे चौकोन पाडून प्रत्येकाला एकच आकडा देतात; जागतिक प्रारूपांत असा एक चौकोन बहुधा शंभर किलोमीटरच्या आसपासचा असतो, बारीक केलेल्या प्रारूपांत तो पंचवीस किलोमीटरपर्यंत येतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तेथून दीडशे किलोमीटरच्या आत माण-आटपाडीला तो पाचशेच्या आसपास येतो, हा उतार अशा चौकोनांत पुसट होऊन जातो. त्यामुळे 'आपल्या गावात २०३५ साली इतका पाऊस पडेल' असे कोणी तक्ता दाखवून सांगू लागले, तर तो तक्ता आदराने बाजूला ठेवावा. मात्र दिशा पुरेशी स्पष्ट आहे. हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते, त्यामुळे पडेल तेव्हा धो धो आणि मधले खंड लांबलेले, असे होत जाणार. मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे संशोधकांनी दाखवले आहे. महाबळेश्वरला जुलै २०२१ मध्ये एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दिवसांत पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळून माणसे गेली, हे आपल्या सर्वांच्या स्मरणात आहे.

म्हणून आराखड्यासाठी तीन वर्षे कल्पून पाहावीत: एक कोरडे, एक अतिवृष्टीचे आणि एक असे की ज्यात पाऊस सरासरीइतकाच पण चार दिवसांत पडून गेला. मग प्रत्येक प्रस्तावित कामाला विचारावे की या तिन्ही वर्षांत ते काम टिकते का. जे तिन्हींत टिकते ते पहिल्या वर्षीच हाती घ्यावे. जे एकाच प्रकारच्या वर्षात उपयोगी पडते ते लहान तुकड्यावर करून पाहावे. आणि जे एकदा केले की परत फिरवता येत नाही, ते तूर्त करूच नये. जेसीबीने सगळा माळ उकरणे हे त्यातलेच. वीतभर मातीच्या माळावर सलग समतल चर खणले की खालचा मुरूम वर येतो, त्यावर गवत वर्षानुवर्षे धरत नाही आणि वेडी बाभूळ मात्र तात्काळ शिरते.

सागरेश्वरचे उदाहरण आपल्या जिल्ह्यातलेच आहे आणि ते थोडे तपशीलाने पाहण्यासारखे आहे. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या चिकाटीतून देवराष्ट्रेजवळच्या उघड्या डोंगरावर झाडी उभी राहिली, बाहेरून हरणे आणून सोडली गेली आणि १९८५ मध्ये १०.८७ चौरस किलोमीटरचे अभयारण्य घोषित झाले. उजाड डोंगर हिरवा झाला याबद्दल दुमत नाही. परंतु कुंपणाच्या आत मोठा शिकारी प्राणी नाही, बारमाही पाणी नाही आणि बाहेर जायला वाट नाही. त्यामुळे चितळ-सांबरांची संख्या वाढत गेली, उन्हाळ्यात पाणी बाहेरून आणून भरावे लागले, कुंपण तुटले तिथून हरणे उसात-मक्यात उतरली आणि शेतकऱ्यांचा रोष ओढवला. पुढे तेथील काही चितळे चांदोलीला हलवण्यात आली, जेणेकरून तेथे वाघाला भक्ष्य वाढावे. पाऊस नेहमीसारखा पडत असताना बंदिस्त बेट माणसांच्या मदतीवर चालून जाते. तीन वर्षे ओळीने दुष्काळ पडला तर त्यातल्या प्राण्यांना स्वतःहून करता येण्यासारखे काहीच उरत नाही.

याउलट सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा विचार करावा. २०१० मध्ये कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून तो झाला आणि गाभा व बफर धरून तो ११६५ चौरस किलोमीटरचा आहे. तरीही एवढ्याने वाघ टिकणार नाही हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणून दक्षिणेकडे राधानगरी, तिलारी, गोवा आणि कर्नाटकातील काळी व्याघ्र प्रकल्पापर्यंतचा पट्टा सलग राहावा यासाठी २०२१ मध्ये विशाळगड, पन्हाळा, गगनबावडा, आजरा-भुदरगड, चंदगड अशी संवर्धन राखीव क्षेत्रे घोषित झाली. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये ताडोबातून वाघीण आणून चांदोलीत सोडली, त्या प्रयोगाचे यशही शेवटी या पट्ट्यावर अवलंबून राहील. आपल्या भागातील सह्याद्रीची उंची चौदाशे मीटरच्या आसपास संपते, त्यामुळे हवा तापली म्हणून प्राणी-वनस्पतींनी डोंगर चढून वर जावे अशी सोय हिमालयासारखी येथे नाही. जे काही सरकायचे ते कडेकपारी, सावलीच्या दऱ्या आणि नद्यांच्या काठाने दक्षिणोत्तर सरकायचे. आपल्या माळावरही हेच लागू पडते. फक्त तेथे दऱ्यांच्या जागी ओढा आहे. ओढ्याकाठची जुनी बाभूळ, लिंब आणि हिवर ही मे महिन्यातील सावलीची आणि ओलाव्याची शेवटची जागा असते. आराखड्यात पहिले संरक्षण तिला द्यावे.


बागाईतदार खानापूर:

क्षेत्रपाल साहेबांचे विवेचन अभ्यासपूर्ण आहे, परंतु मला काही गोष्टी स्पष्टपणे मांडाव्याशा वाटतात. आमच्या दोन पिढ्यांनी दुष्काळात दिवस काढले, आजोबा मुंबईच्या गिरणीत गेले ते त्यामुळेच. आता टेंभू उपसा योजनेचे पाणी आले आहे, डाळिंब आणि द्राक्षे उभी राहिली आहेत, काही ठिकाणी ऊसही झाला आहे. अशा वेळी माळ उघडा ठेवा, झाडे लावू नका, लांडग्याला जागा द्या, असे सांगितले तर ग्रामसभेत कोण ऐकेल? २०१९ ला शासनाने एका वर्षात तेहतीस कोटी वृक्षांचे उद्दिष्ट ठेवले होते, तेव्हा आम्हीही गायरानावर खड्डे काढले. झाडे असली की पाऊस धरतो, कार्बन शोषला जातो, सावली मिळते. हवामानबदलावर यापेक्षा सरळ उपाय कोणता? आराखड्यात झाडे नसतील तर त्याला हवामानाचा आराखडा का म्हणावे, हे कोणीतरी समजावून सांगावे.


जतचा वाडा:

बागाईतदार दादा, तुमचे म्हणणे रास्त आहे आणि त्याचे उत्तर माळावरच्या माणसाने द्यावे म्हणून लिहितो. आमचे घराणे मेंढपाळांचे. मी वनस्पतिशास्त्रात पदवी घेतली असली तरी घरचा वाडा (मेंढ्यांसह फिरणारा तळ) अजून फिरतीवर असतो. दिवाळीनंतर पश्चिमेला उतरायचे आणि पावसाच्या तोंडाला परत माळावर यायचे, हा क्रम चुकलेला नाही.

आधी झाडांबद्दल. तुमच्या गायरानावर लावलेल्या रोपांपैकी टँकरचे पाणी थांबल्यानंतर जी उरली असतील, त्यांत गिरिपुष्प आणि सुबाभूळ ही बाहेरून आणलेली झाडे किती आणि लिंब, हिवर किती, हे एकदा जाऊन पाहावे. पाचशे मिलिमीटरच्या मुरमाड माळावर निसर्गाने गवत दिले आहे आणि मधूनमधून झाड दिले आहे. ते प्रमाण पाण्याने आणि मातीने ठरवलेले आहे. गवत कार्बन साठवते ते मुळांत आणि मातीत, जमिनीखाली. त्यामुळे दुष्काळ पडला किंवा वणवा लागला तरी त्यातला बहुतेक भाग जागेवरच राहतो. त्याच जागी लावलेले झाड दुष्काळात वाळले की साठाही जातो आणि त्याच्यासाठी मोडलेले गवतही परत येत नाही. पावसाचे म्हणाल, तर आपला पाऊस अरबी समुद्रावरून येतो आणि घाट त्याला अडवतो. शे-दीडशे हेक्टरांच्या गायरानावर काय लावले आहे, याची तो दखल घेत नाही. झाडे लावू नयेत असे माझे म्हणणे नाही. ती ओढ्याकाठी, बांधावर, गावठाणात, शाळेच्या आवारात आणि तलावाच्या भरावाखाली लावावीत, तेथे ती जगतात.

आता चाऱ्याचे. खडा माळ रिकामा दिसतो, पण २०१८-१९ सारख्या वर्षात छावणीत जनावरे किती आधी न्यावी लागतात हे आदल्या पावसात माळाने किती गवत दिले यावर ठरते. पवन्या आणि मारवेल ही गुरा-मेंढ्यांची आवडती गवते, त्यामुळे पहिल्या पावसानंतर कोंब येतो न येतो तोच ती खुडली जातात, त्यांना बी धरायला उसंत मिळत नाही आणि मागे कुसळी उरते. कुसळी श्रावणापर्यंत कोवळी असताना जनावर खाते. एकदा तिला कुसळे आली की मेंढी तिच्याजवळ जात नाही, कारण कुसळ लोकरीतून कातडीत शिरते आणि जखम चिघळते. कातरणीच्या वेळी अशा लोकरीला भाव मिळत नाही तो वेगळाच. गायरानाचे तीन भाग करून दरवर्षी एक भाग दसऱ्यापर्यंत चराईला बंद ठेवला, तर चांगल्या गवताचे बी पडते, त्यानंतर कापून न्यायला हरकत नसते, आणि जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांनाही एक शांत तुकडा मिळतो. पाऊस उशिरा आला तर मुदत दिवाळीपर्यंत वाढवावी. तारीख कॅलेंडरवर न बांधता गवताला बी आले की नाही यावर बांधावी. क्षेत्रपाल साहेबांनी सांगितलेल्या तिन्ही प्रकारच्या वर्षांत हे काम टिकते.

लांडग्याबद्दल बोलायचे तर आमच्या कोकरांवरच तो जगतो, हे मला कोणी शिकवायची गरज नाही. तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे आणि त्याने मारलेल्या जनावराची भरपाई शासन देते. पण वाडा फिरतीवर असताना दुसऱ्या तालुक्यात, रात्री, अनोळखी गावाच्या हद्दीत पंचनामा कोण करणार? म्हणून बहुतेक मेंढपाळ तक्रारच करत नाहीत. समितीने गावात येणाऱ्या वाड्यांसाठी वनरक्षकाचा संपर्क आणि पंचनाम्याची मदत एवढे जरी आराखड्यात लिहिले, तरी लांडग्यावरचा राग बराच कमी होईल.

आणि माणगंगाकाठ दादांच्या तिसऱ्या प्रश्नाला जोडून एक सुचवतो. मेंढपाळांच्या वाटा माळामाळाने, ओढ्याकाठाने, गायरानागायरानातून जातात, कारण मध्ये चारा आणि पाणी लागते. लांडगा मेंढ्यांच्या मागे त्याच वाटांनी फिरतो. म्हणजे माण, खटाव, आटपाडी, कवठेमहांकाळ आणि जत यांना जोडणारा पट्टा कोणी नव्याने आखायचा नाही, तो वापरात आहेच. त्या वाटेवर तुमच्या गावाचा जो तुकडा पडतो तो कुंपण, चर आणि बांधकाम यांपासून मोकळा ठेवायचा, आणि शेजारच्या चार गावांच्या समित्यांनी तोच ठराव आपापल्या ग्रामसभेत करायचा. यासाठी कोणाच्याही हद्दीत कोणी शिरत नाही. दुष्काळात मेंढपाळ जिकडे वळतो तिकडे वन्यप्राण्यांनाही वळावे लागते, त्यामुळे हा पट्टा बदलत्या हवामानात अधिकच लागणार आहे.


बागाईतदार खानापूर:

चाऱ्याचा आणि गवताचा मुद्दा पटला. गिरिपुष्पाबद्दल आपण म्हणता तेच आमच्याकडे झाले आहे, ते नाकारत नाही. मात्र पाण्याचे काय? कालवा आल्यानंतर गायरानाच्या कडेने पाइप जाणार आणि लोक शेती वाढवणारच. हवामान बदलण्याआधी पाणीच सगळे बदलून टाकेल, असे मला दिसते.


जांभा पठार, सातारा:

बागाईतदार यांच्या शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजना सांगलीच्या पूर्व भागात आणि उरमोडी, जिहे-कठापूर या माण-खटावमध्ये ज्या वेगाने भूभाग बदलत आहेत, तितका वेग तापमानवाढीलाही नाही. ऊस जेथे पोहोचतो तेथे मागोमाग बिबट्या पोहोचतो, हे वाळवा, शिराळा आणि कराड भागाने पाहिले आहे. उसात पिल्ले वाढतात आणि तोडणीच्या वेळी ती उघडी पडतात. लांडगा, खोकड, धाविक यांना उसाचा उपयोग नाही. म्हणून आपल्या आराखड्यात हवामानाच्या शेजारी पाण्याचाही रकाना असावा: कोणत्या वर्षी कोणत्या गटापर्यंत पाणी येणार आहे, त्यानंतर कोणते प्राणी वाढतील, कोणते घटतील आणि त्यांतील कोणता बदल गाव स्वीकारणार आहे. प्रत्येक बदल थोपवता येत नाही. काही बदल मान्य करावे लागतात, काहींना वळण देता येते आणि थोड्यांशीच झगडावे लागते. गावाची शक्ती मर्यादित असल्याने झगडण्याच्या जागा आधीच निवडलेल्या बऱ्या.

मी ज्या सडे-पठारांवर वनस्पतींच्या नोंदी घेतो, तेथे झगडणेच भाग आहे. कास पठार सुमारे बाराशे मीटरवर आहे, जांभ्या दगडावर मातीचा थर काही ठिकाणी बोटभरही नाही आणि त्यावर साडेआठशेहून अधिक सपुष्प वनस्पतींची नोंद आहे. वायतुऱ्यासारखी प्रदेशनिष्ठ जलवनस्पती जांभ्यातल्या उथळ डबक्यांत पहिल्या पावसाबरोबर कंदातून वर येते; सीतेची आसवे, दवबिंदू, गेंद, तेरडा यांचा क्रम त्या पातळ मातीत ओल किती दिवस टिकते यावर ठरतो. जूनमध्ये एक जोरदार सर येऊन नंतर तीन आठवडे ऊन पडले तर उगवलेली रोपे करपतात, आणि वर्षायू वनस्पतींचे त्या वर्षीचे बी बुडते. टोपली कारवी तर सात वर्षांतून एकदा फुलते. फुलण्याच्या नेमक्या वर्षी असा खंड पडला तर पुढच्या संधीला सात वर्षे थांबायचे. या वनस्पती पठारावरच्या असल्याने त्यांना आणखी वर जायला जागा नाही. मात्र २०१२ मध्ये जागतिक वारसा दर्जा मिळाल्यानंतर गर्दी, कुंपण आणि चराई यांवर जो वाद रंगला, त्यात हवामानाचा प्रश्न मागेच राहिला. कुंपण असावे की नसावे यावर स्थानिकांत आणि अभ्यासकांत मतभेद आहेत; माझा कल मर्यादित चराई ठेवावी याकडे आहे, कारण उंच गवत वाढले की लहान फुलझाडांना ऊन मिळत नाही.

आपल्या माळाला अधिक जवळचे उदाहरण साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठाराचे आहे. त्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. स्वच्छ ऊर्जा म्हणून त्या हव्यातच. परंतु भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की जेथे पवनचक्क्या नाहीत तेथे शिकारी पक्षी जवळजवळ चौपट अधिक आहेत. पवनचक्क्यांखाली शिकारी पक्षी कमी झाल्यामुळे पंख्यासारखा निळा गळा फुलवणारे सरडे संख्येने वाढले आणि त्यांची भीड चेपली. ते माणसाला अधिक जवळ येऊ देतात. एक साखळी वरून हलली की ती खालपर्यंत हलते. आपल्याकडे पवनचक्क्यांबरोबर आता सौर पटलेही येतील, कारण मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शासकीय गायराने भाड्याने दिली जात आहेत. प्रस्ताव आल्यावर विरोध करत बसण्यापेक्षा समितीने आजच नकाशा करून ठेवावा: तलावाच्या खालच्या अंगाची खराब झालेली, वेड्या बाभळीने व्यापलेली जागा सौर पटलांसाठी चालेल, भोवत्या रात्री ज्या गवतात उतरतात तो तुकडा आणि मेंढपाळांची वाट चालणार नाही. अशा नकाशावर ग्रामसभेचा ठराव असेल तर तहसील कार्यालयात बोलायला हातात काहीतरी असते.


माणगंगाकाठ:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बागाईतदारांनी घेतलेला आक्षेप ग्रामसभेत शब्दशः येणार होता, तो येथेच आल्यामुळे सोय झाली.

या चर्चेवरून मसुद्यात पुढील गोष्टी घालत आहे. ओढ्याकाठच्या जुन्या झाडांना कुऱ्हाडबंदी, आणि नवी लागवड फक्त तेथे, भरावाखाली व बांधांवर. गायरानाचे तीन भाग करून फिरती चराईबंदी, तीही गवताला बी येईपर्यंत. माळावर चर नाहीत. वेडी बाभूळ दरवर्षी ठरावीक तुकड्यातून मुळासकट काढायची. वाड्यांच्या वाटेचा आणि सौर पटलांचा नकाशा. पंचनाम्यासाठी मदत. लागवडीच्या निधीतून रोपांच्या जोडीने गवताच्या बियाण्याची तरतूद करता येते का, हे ग्रामसेवक तपासत आहेत.

दोन शंका उरल्या आहेत. पाझर तलाव टेंभूच्या पाण्याने उन्हाळ्यातही भरून घ्यावा अशी मागणी आहे. पक्ष्यांच्या दृष्टीने ते चांगले की वाईट? आणि दहा वर्षांत आराखडा चुकतो आहे हे आम्हाला कशावरून कळावे, कारण आमच्यात कोणी शास्त्रज्ञ नाही.


निवृत्त वनक्षेत्रपाल, कराड:

तलावाबद्दल मायणीकडे पाहावे. खटाव तालुक्यातील त्या परिसराला २०२१ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. रोहित पक्षी तेथे उतरतात ते उथळ पाण्यासाठी; तलाव कोरडा पडला तरी ते जातात आणि काठोकाठ भरला तरीही त्यांना पाय टेकून चरायला जागा उरत नाही. तुतवार आणि चिखले या पक्ष्यांनाही काठचा ओला चिखल लागतो. म्हणून तलाव भरण्याला विरोध करू नये, पण जानेवारीनंतर पाणी हळूहळू उतरू द्यावे आणि एका बाजूचा काठ उतरता ठेवावा, तेथील गाळ काढू नये. गाळ हवा असलेल्या शेतकऱ्यांना तो भरावाच्या बाजूने नेऊ द्यावा, त्यात दोघांचेही भागते.

आराखडा चुकतो आहे हे कळण्यासाठी थोड्याच खुणा निवडाव्यात आणि त्या न चुकता लिहाव्यात. ओढा पहिल्यांदा कधी वाहिला आणि कधी थांबला, तलावात पाणी कोणत्या महिन्यापर्यंत होते, बंद ठेवलेल्या आणि खुल्या भागातील एकेका ठरावीक चौकोनातले गवत कापल्यावर किती भरले, आणि हिवाळ्यात एकाच जागी बसून संध्याकाळी किती भोवत्या उतरताना दिसल्या. शाळेतील मुले हे उत्तम करतात. त्यानंतर मसुद्यातच अटी लिहून ठेवाव्यात. उदाहरणार्थ, तलाव लागोपाठ दोन वर्षे फेब्रुवारीपूर्वी आटला, तर त्या वर्षी दुसरा भागही चराईला बंद करून त्यावरील गवत केवळ कापून, गरजू घरांना वाटावे. बंद भागात दोन वर्षांनंतरही पवन्या वाढला नाही, तर बी पेरण्याची गरज आहे असे समजावे. अट आधी लिहिलेली असली की दुष्काळाच्या वर्षी भांडण कमी होते, कारण निर्णय कोणा एकाच्या तोंडचा राहत नाही. आराखड्याचा फेरविचार दहाव्या वर्षी न ठेवता तिसऱ्या आणि सहाव्या वर्षी ठेवावा.


जतचा वाडा:

बियाण्याबद्दल एवढेच. बाहेरून बियाणे विकत घेऊ नये. ते दुसऱ्या पावसाचे आणि दुसऱ्या मातीचे असते. तुमच्याच शिवारात ज्या बांधांवर आणि मंदिरांच्या आवारात पवन्या व मारवेल शिल्लक आहेत, तेथून बी गोळा करावे, आणि शेजारच्या माण तालुक्यातील अधिक कोरड्या माळावरचेही थोडे मिसळावे, म्हणजे वाण एकाच प्रकारच्या वर्षावर अवलंबून राहणार नाही. पिकलेले बी फार दिवस ताटावर राहत नाही, गळून जाते, त्यामुळे पावसाळा संपता संपता दर दोन-तीन दिवसांनी फेरी मारावी लागेल. गोळा केलेले बी सावलीत वाळवून कापडी पिशवीत ठेवावे. पुढच्या जूनमध्ये, वळवाच्या सरीनंतर नव्हे तर मोसमी पाऊस नीट लागल्यावर, ते ओल्या मातीत आणि शेणात कालवून गोळ्या करून टाकावे. सुरुवात बंद ठेवलेल्या भागाच्या वरच्या कडेपासून करावी, तेथून पुढे वारा आणि पाणी बी खाली नेतात.